कव्हरांचे दात

ट्रंकेची कडी वाजली आणि दुपारची सगळी शांतता एकदम हलली.

ओसरीवर वाती वळता वळता सासूबाईंचा डोळा लागला होता. त्यांनी तो अर्धा उघडला नि पुन्हा मिटला. माझ्या हातातलं सूप थांबलं. अंगणात चिंचोके मांडून बसलेली रुख्मी डाव तसाच टाकून आत पळाली. घरातल्या आम्हा तिघींना आवाज कळला. ज्यांच्या हातून तो झाला त्यांनाच तेवढा कळला नाही.

कडी वाजली म्हणजे हे कव्हरं काढून बसले, असा आमच्या घरचा हिशोब.

काळी पत्र्याची ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं, ‘उद्धवराव लाउडस्पीकर, मुधोळ’. त्यातलं ‘मुधोळ’ आता अर्धंच उरलंय. आत बहात्तर रेकॉर्डी, प्रत्येक आपापल्या कव्हरात. हे भिंतीला टेकून बसायचे, रुख्मी त्यांच्या मांडीला मांडी लावून. एक कव्हर काढायचं, मांडीवर घ्यायचं. रेकॉर्ड बाहेर काढायचीच नाही. डावा हात कव्हराखाली, उजव्या हाताचा अंगठा कडेवर. थोड्या वेळानं बोट गुडघ्यावर ठेका धरू लागे. गाण्याला लागेल तेवढाच वेळ. मग ते कव्हर खाली, दुसरं वर. कधी गुणगुणायचेही. सूर नसायचा त्यात. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसला तर माणूस सूर धरणार तरी कशाला?

मला वाटायचं, चित्रं बघतात. लाल ओठांची नटी, घोड्यावरचा नट, फेटा बांधलेला सनईवाला. चित्र बघून गाणं आठवत असेल. नजर मात्र त्यांची समोरच्या भिंतीवर असायची. आठवायला लागलं की माणूस भिंतीकडंच बघतो, असं मी धरून चालले. जवळ जाऊन बसावं, विचारावं, हे काही सुचलं नाही. दुपारी माझ्या मागं कामं थोडी असतात का?

लग्न होऊन मी मुधोळला आले तेव्हा यांच्या भोंग्याशिवाय पंचक्रोशीत मांडव पडत नव्हता. भैंसा, बासर, तिकडं पार उटनूरच्या जंगलातल्या गावांपर्यंत बोलावणं. बैलगाडीत मशीन, बॅटरी, दोन भोंगे आणि ही ट्रंक. पण यांना काम करताना मी एकदाही पाहिलं नाही. लाउडस्पीकरवाल्याच्या बायकोनं मांडवात त्याच्या टेबलाजवळ जाऊन उभं राहावं, असं कुठं असतं? मी फक्त ऐकलं. लग्न जवळच्या गावात असलं आणि वारा आमच्याकडचा असला, तर चुलीशी बसून मला सगळं लग्न कळायचं. आता हळद लागली, आता अक्षता पडून टाळी झाली, आता पोरगी निघाली, आता मांडवात तिची माय रडत असेल. सगळं आटोपलं, की तारा गुंडाळायच्या आधी हे एक सनई लावायचे. त्या सनईचं मांडवातल्या कुणालाच काम नसायचं. वऱ्हाड गाडीत बसलेलं असे, आचारी भांडी घासत असे. ती सनई माझ्यासाठी होती. निघालो म्हणून. ती संपली की मी तवा ठेवायची, आणि पहिली भाकरी उतरेपर्यंत गाडीचे घुंगरू आळीत यायचे.

लग्नाला दोन वर्षं झाली नि यांच्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. भोंगा झाडावर बांधायचा, त्याच्या तोंडाशी कान नेऊन बघायचा, खाली उतरायचं, पुन्हा चढायचं, वर्षानुवर्षं तेच. मग उजव्या कानात सुरू झाली. त्या पावसाळ्यात मोठा ताप आला नि ताप उतरला तेव्हा शिट्टीही गेली आणि बाकीचंही गेलं. निजामाबादचे डॉक्टर म्हणाले, नस वाळली. मला सातवा महिना होता.

रुख्मी जन्मली तेव्हा हे दाराबाहेर बसले होते. सुईण बाहेर येऊन ओरडली, पोरगी झाली. यांनी तिच्या ओठांकडं पाहिलं आणि काय झालं म्हणून आत बोट दाखवलं. आत रुख्मी सगळी आळी डोक्यावर घेऊन रडत होती.

तेव्हापासून आमच्या घरात पाटी आली. रुख्मीच्या शाळेची नाही, तिच्याही आधीची. यांची मराठी चौथी झालेली, त्यामुळं काम चालतं. भाजी काय करू, पाणी सोडलं का, नणंदेचं पत्र आलं. चार शब्दांत मावेल तेवढाच संसार पाटीवर येतो. बाकीचा तसाच राहतो. दिवसभर हे वांग्याच्या वाफ्यांना पाणी देतात, धाकट्या भावाच्या मशीनची तार तुटली तर जोडून देतात, आणि दुपारी कव्हरं.

धाकटे भाऊ म्हणजे भगवंतराव, माझे दीर. सेट आता तेच चालवतात, पण कॅसेटवर. रेकॉर्ड कोण लावतंय? एक्क्याण्णव सालचा पौष चालू होता, माघात लग्नं सुरू होणार होती. त्या दिवशी ते सायकल भिंतीला लावून आत आले नि ट्रंकेवरच बसले.

“वयनी, सोमवारी नांदेडले जातो. तिथला दुकानदार बोलला हाय. रेकॉर्डी आना, कॅसेटी घिऊन जा. कव्हरासकट पायजे म्हने.”

“कव्हरासकट काऊन?” मी विचारलं.

“शोकेसमधी लावते म्हने. शहरातले लोकं, त्यायले जुन्याचं लय कौतुक.”

सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, “ने बाप्पा. वाजत नाई त काय पूजा करायची त्याची?”

“तुमच्या दादाले इचारलं का भाऊजी?”

“इचारलं ना. पाटीवर लिवून इचारलं. मान हालवली त्यानं.” मग पायानं जमीन उकरत म्हणाले, “नाई मनला असता त मी नसतो नेत, वयनी.”

ते खरंच होतं. भगवंतराव तसे माणूस वाईट नाहीत. आणि यांनी मान हलवली होती हेही खरं होतं. यांनी गेल्या सहा वर्षांत कशाला मान हलवली नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासता घासता सुचलं. कव्हरं जाणार तर जाऊ देत, कव्हरांचे फोटो काढून ठेवू. चित्रच बघायचं ना? ते फोटोतही दिसेल. ट्रंक गेली तरी दुपार जाणार नाही यांची.

भिवाजीभाऊंचा फोटो स्टुडिओ बसस्टँडच्या मागं आहे. मागं डोंगर नि तळं रंगवलेला पडदा, पुढं एक खुर्ची. यांचे नि त्यांचे पाय एकाच मांडवाच्या धुळीत मळलेले.

“कव्हराचे फोटो?” भिवाजीभाऊ चष्म्यावरून बघत राहिले. “मानसाचे काढ बाई. मानसं मरतेत. कव्हर कुठं मरते?”

“सोमवारी मरते, भिवाजीभाऊ.”

मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, “उद्धवच्या भोंग्याखाली माहे शंभर लगनं झाले.” मग स्वतःच हसले. “फोटोचे! नाई त जाऊन सांगशीन कोनाले.”

त्यांनी कपाटातून जुना डबा कॅमेरा काढला. रंगीत रोल निजामाबादला पाठवावा लागतो, काळा-पांढरा मी घरी धुतो, म्हणाले. रोल घालून दिला. “बारा निगतेत. तेरावा मागू नको. चार पावलं लांब ऱ्हाय, जवळ गेली त सगळं धुकं. सूर्य पाठीवर घे. आन् दाबताना श्वास धरून ठिव.”

बारा फोटो, बहात्तर कव्हरं. एका फोटोत सहा. वाटेनं येताना मी हे बोटांवर तीनदा मोजलं.

नेरडीगोंड्याला माझी नणंद विठाबाई असते. तिनं हुरड्याला बोलावलं होतं. शुक्रवारी सासूबाई, हे आणि रुख्मी तिघं बसनं गेले. रस्त्यानं चालताना रुख्मी यांचा सदरा धरून असते. मागून ट्रक आला की दोनदा ओढते, सायकल आली की एकदा. हे तिला कुणी शिकवलं नाही. बस सुटली, मी घरी आले, दार लावलं नि ट्रंक उघडली.

आता एक सांगते. आमच्याकडं फोटो म्हटला की आधी तोंड धुतात. लेकराला पावडर लावतात, म्हातारीला नवं लुगडं नेसवतात, गायीचा फोटो काढायचा असला तर शिंगांना तेल लावतात. आहे तसा फोटो काढला तर लोक म्हणतात, घरात बाई नव्हती का? मग मी तरी कव्हरं तशीच कशी उभी करणार होते?

कव्हरांची दशा काय सांगू. वर्षानुवर्षं मांडवांत फिरलेली. गुलाल, चिखल, तेलाचे डाग. कितीतरी कव्हरांवर हळदीची बोटं उमटलेली. लग्नघरची बाई आधी मशीनला हळदकुंकू लावायची आणि तेच बोट वरच्या कव्हराला पुसायची. ती मी रुख्मीच्या खोडरबरानं खोडली. ओलं फडकं पिळून चित्रांची तोंडं पुसली. त्या नटीचे ओठ खरंच लाल निघाले. इतकी वर्षं मला ते विटकरी वाटत होते.

आणि कडा. कडांचे तुकडे गेलेले. कुठं एक, कुठं दोन, कुठं तीन लागून, तिरपे तिरपे. मला वाटलं उंदीर. आमच्या माळ्यावर उंदीर कमी आहेत का? मैद्याची खळ शिजवली. चिकटवायला जाड कागद पाहिजे होता. ट्रंकेच्या तळाशी एक कव्हर रिकामंच होतं, आत रेकॉर्ड नाही, वर चित्र नाही, नुसतं खाकी. रेकॉर्ड कधीतरी फुटली असेल. नांदेडवाल्याला ते नको होतं, मलाही त्याचा फोटो नको होता. मी त्याचं अर्धं कव्हर कापलं, त्याच्या चिंध्या केल्या आणि एकेक खाच बुजवली. वरून रुख्मीच्या खडूनं रंग दिला. हिरव्यापाशी हिरवा, निळ्यापाशी निळा. उरलेलं अर्धं खाकी लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवलं.

दोन दिवस लागले. जेवणाचंही भान नव्हतं. शेजारच्या रेणुकाबाई कुंपणावरून डोकावल्या.

“काय वं कुसुम, कव्हराईचं लगन लावून राह्यली का?”

“असंच समजा.”

“हळद त पुसून टाकली तू! मंग आता अक्षदा टाकू का?”

हसलो दोघी. खरंच हसलो. कितीतरी दिवसांनी मला त्या घरात असं काही करायला मिळालं होतं जे चुलीत जाणार नव्हतं.

रविवारी सकाळी उन्हं अंगणात आली तेव्हा बाज उभी केली, तिच्यावर यांचं पांढरं धोतर बांधलं. सहा कव्हरं सुतळीत अडकवली. चार पावलं मोजली. श्वास धरला. खट्. पुन्हा सहा. सातव्या फोटोला वारा सुटला नि धोतर फडफडायला लागलं, तेव्हा रेणुकाबाई मागं जाऊन धरून बसल्या.

“माही मुंडी आली त पाह्य. आमचे हे मनतीन, कोनत्या शिनेमात गेली होती?”

बारावा फोटो झाला. सगळी कव्हरं मी पुन्हा ट्रंकेत लावली. सगळी स्वच्छ, सगळी अखंड. रोल भिवाजीभाऊंना देऊन आले. संध्याकाळी तिघं परतले. रुख्मी हुरडा खाऊन खाऊन दमलेली, यांच्या खांद्यावर झोपलेली. फोटोंची गोष्ट मी पोटातच ठेवली. सोमवारची वाट बघत होते. भगवंतराव चारच्या बसनं जाणार होते, त्याच्या आधी एक दुपार होती.

कडी वाजली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले.

यांनी पहिलं कव्हर काढलं, मांडीवर घेतलं. नजर भिंतीवर. अंगठा कोपऱ्यापासून निघाला, कडेनं पार दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेला. मागं आला. यांनी कव्हर फिरवलं. पुन्हा तसंच. ते खाली ठेवलं, दुसरं घेतलं. तिसरं. गुडघ्यावरचं बोट हललं नाही. मग हात भराभर चालू लागले, कव्हरामागून कव्हर, अंगठा कडेवरून घसरत होता, भाकरीवरून पाण्याचा हात फिरवावा तसा. पंधरा-वीस झाली असतील. शेवटी एक कव्हर यांनी डोळ्यांजवळ नेलं आणि खडूनं रंगवलेल्या जागेवर नख फिरवलं.

मग माझ्याकडं पाहिलं.

मी हसत पुढं आले, पाटी घेतली. लिहिलं, ‘सगळ्यांचे फोटो काढले. तुमच्यासाठी.’

यांनी वाचलं. मला वाटतं दोनदा वाचलं.

“चांगलं केलं,” म्हणाले. मोठ्यानं, सगळंच बोलतात तसं, रेणुकाबाईंच्या अंगणात जाईल एवढं. आणि ट्रंक लावली. कडी वाजली. उठून वाफ्याकडं गेले, पाण्याची वेळ नसताना.

प्रवासानं थकले असतील, म्हटलं मी मनाशी.

रुख्मी तिथंच बसली होती. तिनं कडी काढली, वरचं कव्हर घेतलं, कडेवर बोट फिरवलं.

“आई, दात कोनं बुजवले?”

“कोणते दात?”

“कव्हराचे.” तिनं माझा अंगठा धरला, कडेवर ठेवला, सरकवला. “इथं एक दात होता. एक म्हंजे हळद. दोन दात म्हंजे टाळी झाली. तीन म्हंजे नवरी जाते ना, ते.”

“तुला कुणी सांगितलं?”

“बाबानं.” तिनं पाठ ताठ केली, मान वर केली, भिंतीवर नजर लावली आणि यांच्यासारखा मोठा आवाज काढला. “डोये भटजीकडं, हात कव्हरावर!” मग आपल्या आवाजात म्हणाली, “भटजी सावधान म्हनते, तवा लगेच गानं लागलं पायजे. कव्हर पाहत बसलं त उशीर होते. म्हनून बाबानं ब्लेडनं कापले दात. अंधारात बी कळते. बाबा म्हनते, गानं अंगठ्यातून वर येते.”

मी ते कव्हर तिच्या हातातून घेतलं.

ज्यांची सगळी लग्नं मी चुलीशी बसून ऐकली, त्यांचे हात तेव्हा काय करत होते हे मला ठाऊकच नव्हतं. सहा वर्षांच्या पोरीला ठाऊक होतं. यांचे कान गेले, पण अंगठा ऐकत होता, रोज दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत. आणि मी दोन दिवस दार लावून, खळ शिजवून, तो अंगठा बहिरा करत होते. कौतुकानं.

एका कव्हराची चिंधी मी नखानं उचकली. खळ पक्की वाळली होती. चिंधीबरोबर कडेचा सगळा पापुद्रा निघून आला. दुसऱ्याचंही तसंच. पाणी लावून पाहिलं, तर कड लगद्यासारखी झाली.

मी पाटी घेऊन वाफ्यात गेले. हे वांग्याच्या रोपाशी उकिडवे बसले होते. लिहिलं, ‘परत कापते. कुठं ते सांगा.’

यांनी वाचलं. पाटीवरची खडूची पूड फुंकली.

“मले नाई माहीत,” म्हणाले. या वेळी आवाज कसा कोण जाणे, हळू निघाला. “अंगठ्याले माहीत होतं.”

मी लिहिलं, ‘चित्रं बघून?’

“चित्रं मी कदी पाह्यलेच नाई. डोये तिकडं असायचे.” मग म्हणाले, “सनईच्या कव्हराले कोपऱ्यात एकच होता. बारीक. तू तवा ठेवायची ते.”

मी परत ट्रंकेपाशी आले. खडू होता हातात.

ट्रंकेत सनईचीच पाच कव्हरं होती. पाचही मी चांगली गुळगुळीत केली होती.

साडेतीनला भगवंतराव आले. ट्रंक उचलताना म्हणाले, “वा वयनी, नवीनच करून ठिवले की! दुकानदार खूश होते पाह्य.” सासूबाईही म्हणाल्या, सुनेचा हात मोठा साफ आहे. हे ट्रंकेची एक बाजू धरून बसस्टँडपर्यंत गेले. रुख्मी सदरा धरून मागं.

आठ दिवसांनी भिवाजीभाऊ स्वतः फोटो घेऊन आले. पोस्टकार्डाएवढे मोठे करून आणले होते. “पैशे मोजले नाई मी, उद्धवसाठी हाय,” म्हणाले. फोटो चांगले आले होते, ते खोटं कशाला सांगू. सहा-सहा कव्हरं रांगेनं, कुठं डाग नाही, कुठं तुकडा गेलेला नाही. सातव्यात रेणुकाबाईंची चार बोटं आली आहेत. नटीचे ओठ मात्र काळे दिसतात.

यांनी बाराही फोटो एकेक करून पाहिले. भिवाजीभाऊंच्या पाठीवर थाप मारली. मग मी ज्याची वाट पाहत होते ते झालं. एक फोटो मांडीवर आला, नजर भिंतीवर गेली, अंगठा कडेवर. भिवाजीभाऊंकडं जुनं कटर आहे, फोटोच्या कडा नागमोडी कापणारं. आता ती फॅशन गेली, पण त्यांना आवडतं. चारही बाजूंना दात. बारीक बारीक, सगळीकडं, सगळे सारखे. यांचा अंगठा त्यांवरून खरखरत फिरत राहिला, एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं. कुठं थांबावं हे त्याला सापडेना.

“मस्त आले, भिवाजी,” हे ओरडून म्हणाले.

फोटो मी देवघरातल्या फळीवर ठेवले. नंतर यांनी ते मागितले नाहीत, मीही काढून दिले नाहीत. दुपारी आता कडी वाजत नाही. ट्रंकेच्या जागी जमिनीवर एक चौकोन राहिला आहे, तो सारवताना दरवेळी वेगळाच वाळतो. हे त्याच्याशेजारी बसतात, हात मांडीवर पालथे ठेवून. तेवढ्या वेळात मी घरात उगीच काही ना काही पाडत असते, ताट, पळी. कुणासाठी ते मलाच माहीत नाही.

परवा रुख्मीनं लोणचं मागितलं. मी बरणी काढली तर ती ओरडली, “हे माहं हाय!”

“काय तुझं?”

“हे!” बरणीवरचं खाकी झाकण तिनं दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं. “आई, तू अर्धं कापलं काऊन?”

लोणच्याच्या तेलानं त्याचा मधला भाग पारदर्शक झाला होता. तिनं कड माझ्यासमोर धरली. एक दात होता. इतर कव्हरांसारखा तिरपा नाही, गोलसर, लहान. माझी कात्री त्या दिवशी दुसऱ्या बाजूनं लागली, एवढंच. या बाजूनं लागली असती तर तोही कुठल्यातरी नटीच्या कडेला चिकटून नांदेडला गेला असता.

“माहा पयला दात पडला ना, त्या दिवशी बाबानं कापला,” रुख्मी म्हणाली. “म्हने, हे तुहं गानं. म्या म्हटलं, यात त रेकॉर्डच नाई. त बाबा म्हने, नसू दे, मले येते आयकू.”

ती ते घेऊन यांच्याकडं पळाली. मी दारात उभी राहिले, तशीच, त्या सोमवारसारखी. हात मिठानं, तेलानं भरलेले. यांनी तो अर्धा खाकी तुकडा पाहिला, तिच्या हातातून घेतला, सदऱ्याला पुसला. मांडीवर ठेवला. नजर भिंतीवर. अंगठा कडेनं निघाला, चालत गेला आणि एका जागी थांबला.

बोट गुडघ्यावर पडलं. पुन्हा पडलं. मग ठेका धरला. पटपट, उड्या मारल्यासारखा, मधेच अडखळून पुन्हा धावणारा. कुठल्याच गाण्याचा नसावा असा. यांचे डोळे मिटलेले होते आणि तोंडावर हसू होतं.

रुख्मी त्यांच्यासमोर बसून ते बोट बघत राहिली. ओठ हलवत तिनं त्या ठेक्यावर काहीतरी म्हणून पाहिलं, पुटपुटत, एकदा, दोनदा. जमेना तिला. मग ती हळूच उठली, पाऊल न वाजवता माझ्याजवळ आली. तिच्या बाबासमोर पाऊल वाजवलं काय नि न वाजवलं काय, पण तरी. माझा पदर धरून तिनं मला खाली वाकवलं नि कानाशी तोंड आणलं.

“आई, बाबानं माहा आवाज कदीच आयकला नाई ना? मंग बाबाले जो आयकू येते, तो माह्यासारखाच हाय का?”